सात नंबरची नळी

सात नंबरची नळी पुन्हा फिकीच निघाली.

डॉ. आप्पासाहेब तुपे यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. शेजारच्या नऊ नळ्या हळदीच्या पाण्यासारख्या पिवळ्याधमक, आणि ही पाणचट. सलग चौथा महिना.

"कडुबा, इकडे ये."

कडुबा दहा वर्षं त्या प्रयोगशाळेत रोजंदारीवर होता. रक्त काढायचं, नळ्यांना चिठ्ठ्या लावायच्या, बर्फ आणायचा, सगळं तोच करी. त्याला कायम करण्याचं शिफारसपत्र साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडून होतं. आज ते गेलं नाही तर जागा दुसऱ्याची होणार होती.

साहेबांचं संशोधन असं. रक्तात पेप्टिडेज जातीची एन्झाइमं असतात. ती प्रथिनांचे बारीक तुकडे कातरतात, आणि शरीराच्या प्रतिकारशक्तीशीही त्यांचं नातं असतं. नैराश्यानं पोखरलेल्या माणसात त्यातलं एक कमी पडतं, असं साहेबांना दाखवायचं होतं. रक्ताच्या निवळीत रसायन घातलं की एन्झाइम भरपूर तर पिवळा रंग गडद, कमी तर फिका. रोग्यांच्या नळ्यांना लाल चिठ्ठी, धडधाकट माणसांच्या नळ्यांना निळी. सात नंबरवरही निळीच होती. चिठ्ठीवर फक्त नंबर, आणि एका माणसाचा नंबर कायम तोच. नावांची यादी कडुबानं लिहून पाकिटात बंद केली होती. पाकीट साहेबांच्या कपाटात, पण काम संपेपर्यंत फोडायचं नाही. "नाव कळलं की हात लबाडी करतो," हा साहेबांचाच दंडक.

धडधाकट म्हणजे तिथलाच दहा जणांचा स्टाफ. रक्त दिलं की ताकद जाते म्हणून सुरुवातीला सगळे पळत होते. मग साहेबांनीच आधी बाही वर केली, तेव्हा कुठे रामकिसन शिपायापासून बाकीचे रांगेत आले.

"ही बर्फात होती ना?"

"व्हय साहेब." कडुबा फरशीकडे बघत म्हणाला.

"मग फिकी कशी?"

"आपल्याला काय कळतंय त्यातलं."

साहेबांना त्याच्या त्या खाली घातलेल्या मानेची किळस आली. तशी त्यांना हल्ली कशाची येत नसे? चिकलठाण्याकडून वारा सुटला की कारखान्यांचा आंबूस वास नाकात बसे. समोरच्या भिंतीवर 'नामांतर झालंच पाहिजे' रंगवलेलं, त्यावर कुणीतरी काळं फासलेलं, त्या काळ्यावर पुन्हा तेच रंगवलेलं. एके काळी याच मागणीसाठी साहेब मोर्चात चालले होते, कडुबाच्या शेजारून. आता ते तिकडे पाठ करून बसत.

"आणि हा डबा घेऊन जा. तेलाचा वास मारतोय."

कडुबानं झाकण उघडलं. साहेबांच्या पत्नी चतुराबाईंनी केलेल्या भरल्या वांग्यांचा घमघमाट सुटला.

"साहेब, दोन घास तरी घ्या. दिवाळीपासनं रोज..."

"तोंड आलंय माझं. जा म्हटलं ना!"

दुपारी पैठणची केसरबाई आली, लाल चिठ्ठीची. तिचा नवरा बाहेर थांबला.

"कसं वाटतंय?" साहेबांनी विचारलं.

"शिसारी येती, साहेब. भाकरीची, माणसांची. लेकरानं हात लावला तरी अंगावर पाल पडल्यावानी होतंय. पहिलं आसं नव्हतं वो." ती रडली नाही, नुसती भिंतीकडे बघत राहिली.

तिच्या अंगाचा घामट वास साहेबांना असह्य झाला. त्यांनी पटकन टिपण लिहिलं, कडुबाला रक्त घ्यायला सांगितलं आणि खिडकी गाठली.

तिथे उभं असतानाच त्यांच्या डोक्यात उजेड पडला. कडुबाचं सिल्लोडकडचं घर अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत जळलं होतं. बाप त्याच दुःखात गेला. नैराश्यानं यालाही पोखरलं असणार. कायम व्हायचं तर निरोगी असल्याचा डॉक्टरी दाखला लागतो. आणि यादी लिहिणारा हाच!

केसरबाई गेल्याबरोबर त्यांनी दार लावलं. "सात नंबर तूच आहेस."

कडुबा चपापला.

"ती नळी उन्हात ऱ्हायली माझ्याकडनं, साहेब. दर वेळंला. काढून टाका तिला."

"मघाशी बर्फात होती म्हणालास!"

"चुकलं माझं."

"खोटारड्या! आजार लपवतोस आणि माझ्या चार महिन्यांच्या कामात विष कालवतोस?" साहेबांनी शिफारसपत्र उचललं, टराटरा फाडलं आणि टोपलीत टाकलं. "किळस येते मला तुझी."

कडुबानं टोपलीतल्या तुकड्यांकडे पाहिलं. दहा वर्षं होती ती. त्याचा आवाज मात्र चढला नाही.

"फाडा साहेब. पण पाकीट फोडू नका. अन् एकदा त्या मनाच्या डॉक्टरकडं जाऊ. मी येतो ना संगं."

"तुझ्याबरोबर मी कशाला येऊ? नीघ इथून!"

कडुबानं बर्फाची पेटी पुसून जागेवर ठेवली. रिकामा करून धुतलेला डबा टेबलावर ठेवला. म्हणाला, "बाईंना सांगतो रोज, साहेबांनी समदं खाल्लं म्हणून. उद्यापासनं कोण सांगंल?" आणि गेला.

साहेबांनी कपाट उघडलं. दंडक गेला खड्ड्यात, कडुबाच्या लबाडीचा लेखी पुरावा हवा होता. पाकीट फाडून त्यांनी कागद उलगडला. कडुबाचं अक्षर लहान मुलासारखं गोल. पहिल्याच ओळीत 'रामकिसन' होतं. तिसरीत त्यानं स्वतःचं नाव लिहिलं होतं. साहेबांचं बोट थबकलं, मग सावकाश खाली सरकलं. सातव्या ओळीत नाव नव्हतं. मोठ्या माणसाचं नाव कडुबा कधी घ्यायचा नाही, लिहितानाही नाही. तिथे एवढंच होतं: साहेब.