मळका स्पंज

"दादा, फिल्टर कुठला घेऊ तेवढं सांग. बाकी सगळं झालंय," धाकटा म्हणाला.

बाकी सगळं झालंय हे थोरल्याला दिसतच होतं. धाकट्याच्या नव्या हॉलमध्ये सहा फुटी टँक येऊन बसला होता. खाली काळं स्टँड, वर लांबलचक लाइट, आत अजून पाणी नव्हतं. थोरल्याच्या घरातलं जेवायचं टेबलसुद्धा याहून लहान होतं.

"एवढा मोठा कशाला?"

"म्हाताऱ्यासाठी," सोफ्यावरून आई म्हणाली. "तुझ्याकडे त्याला धड वळता तरी येतं का?"

म्हातारा म्हणजे ऑस्कर मासा. वडिलांनी आणला तेव्हा बोटाएवढा होता, आता पंजाहून मोठा झाला होता. वडील गेले, तशी आई धाकट्याकडे गेली आणि मासा थोरल्याकडे आला. झाली वाटणी. वडील काचेवर तीन टिचक्या मारायचे आणि म्हातारा कोपऱ्यातून निघून थेट बोटापाशी यायचा. आता तो फक्त थोरल्याच्या टिचक्यांना यायचा. धाकट्याने एकदा मारून बघितल्या होत्या. मासा ढिम्म हलला नाही. त्या दिवशी थोरल्याला दोन घास जास्त गेले होते.

आणि आता मासाही इकडेच येणार होता.

थोरल्याने काचेवरून हात फिरवला. धाकट्याचं सगळं असंच. मार्क त्याला, नोकरी त्याला, आई त्याच्याकडे. वर स्वभावही चांगला. निदान स्वभाव तरी वाईट असता, तर मोकळेपणी शिव्या घालता आल्या असत्या.

"दुकानदार म्हणतो, मागे अडकवायचा छोटा फिल्टर पुरेल," धाकटा म्हणाला. "पण माशांतलं कळतं ते तुला."

"याचं ऐकून एकदा हनुवटी फोडून घेतलीस," आई म्हणाली. "काय तर म्हणे, उतारावर फक्त पुढचा ब्रेक दाबायचा असतो."

"आणि परीक्षेला भूमिती येणारच नाही म्हणाला होता, ते विसरलीस?"

"अगं, लहान होतो," थोरला म्हणाला.

तिघंही हसले. धाकट्याने हनुवटीवरच्या खुणेवरून अंगठा फिरवला.

थोरल्याच्या जिभेवर उत्तर तयार होतं. पुरेल की. बस्स, एवढंच म्हणायचं होतं. ऑस्कर खातो बकासुरासारखा आणि घाण करतो त्याच्या दुप्पट. छोट्या फिल्टरने पाणी वरवर स्वच्छ दिसलं असतं आणि आतून विष झालं असतं. मग धाकटा हात जोडत आला असता, ने बाबा तुझा मासा. आईलाही कळलं असतं, की एक गोष्ट तरी थोरल्यालाच जमते.

पण मग परत न्यायला मासा उरला असता का?

त्याला म्हातारा पोट वर करून तरंगताना दिसला. वडील हॉस्पिटलमध्ये होते तेव्हा भेटायला गेलं की पहिला प्रश्न असायचा, "त्याला घातलं का रे खायला?"

"नाही पुरणार," थोरला म्हणाला. "दोन कॅनिस्टर घे. बादलीएवढे असतात, खाली स्टँडमध्ये बसतात. तासाभरात सगळं पाणी पाच-सहा वेळा फिरलं पाहिजे. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो."

"दोन?"

"दोन. शिवाय माशाबरोबर माझ्या फिल्टरमधला जुना स्पंज देतो. तो नव्या फिल्टरमध्ये टाक. काळाकुट्ट आहे, वास येईल, पण धुवायचा नाही. त्या मळातच जिवाणू असतात, तेच माशाची घाण पचवतात. नळाखाली धरलास तर क्लोरीनने सगळे मरतील. टँकच्या पाण्यातही आधी क्लोरीन मारायचं औषध टाक, मगच मासा सोड. नाहीतर त्याचे कल्ले जळतील."

धाकटा शांतपणे ऐकत होता.

"म्हणजे कोऱ्या टँकमध्ये तुझा मळका स्पंज. तसाच."

"तसाच."

"नक्की ना, दादा?"

"नक्की रे."

धाकट्याने हनुवटी चोळली. "बरं."

शुक्रवारी संध्याकाळी धाकटा गाडी घेऊन आला. थोरल्याने झाकणाच्या बादलीत म्हातारा दिला आणि जुन्या पाण्यासकट पिशवीत स्पंज दिला. सगळं पुन्हा एकदा सांगितलं. सोबत मात्र गेला नाही. धाकट्याच्या हॉलमध्ये म्हातारा ऐटीत फिरताना बघायची त्याची तयारी नव्हती.

घरात आल्यावर रिकाम्या टँकचा लाइट त्याने बंद केला. पोटात जळत होतंच. पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच धाकट्याला आपण सरळ, खरं सांगितलं, याचं त्याला बरंही वाटत होतं.

रविवारी मात्र राहवेना. गेला.

टँक काठोकाठ भरला होता. पाणी काचेसारखं नितळ. थोरल्याला कबूल करावं लागलं, जागा झकास होती.

"सकाळपासून नुसता झोपलाय," आई म्हणाली. "नवी जागा ना. दमला असेल."

म्हातारा तळाशी, कोपऱ्यात, एका कुशीवर कलला होता. थोरल्याने काचेवर तीन टिचक्या मारल्या. थांबला. पुन्हा तीन मारल्या, जरा जोरात.

धाकट्याने मागून येऊन त्याच्या खांद्यावर हात टाकला. हसला, अगदी मायेने.

"काळजी करू नकोस, दादा. तुला काय मी आज ओळखतो? तू सांगितलंस त्याच्या बरोबर उलटं केलंय सगळं."