अंबाडीचं कडं

चांगोच्या हातभट्टीची तोटी रोज गळायची. सायकलच्या ट्यूबचा वायसर तापला की वितळायचा आणि दारूला जळका वास यायचा. दहिवलीत जयवंताच्या पिंपातून मात्र थेंब गळत नसे. गिऱ्हाइकं त्याचंच नाव घेत, आणि चांगोच्या पोटात दुखे. शेवटी जयवंता घरी नाही असं बघून तो आत शिरला आणि तोटीत बसवायचं, तेलाच्या वाटीत जपून ठेवलेलं अंबाडीच्या दोऱ्याचं कडं उचलून घरी आला.

"आता बघ, अंबू!" त्यानं ते बायकोपुढं नाचवलं.

अंबूबाईनं त्यावरची गाठ निरखली.



"अवो, ह्ये तर मीच जयवंताच्या बायकूला, विमलला वळून दिलंय. पयलं तुमालाच दावलं व्हतं, तवा म्हनालात, तू चूल बघ."