फाटकावरचा गुरुवार

कमलीबाईनं खाटेवर कडब्याची पेंढी आडवी ठेवली, डोक्याच्या जागी उशी दाबली आणि वरून हेमसिंगचं घोंगडं ओढलं. दारापर्यंत मागं येऊन पाहिलं. माणूस जरा बुटका वाटत होता. तिनं घोंगडं खाली ताणलं, तोवर बाहेरून हाक आलीच.

"हेमसिंगभाऊ, उठले काय?"

"झोपले," ती दारात आडवी उभी राहून म्हणाली. "रातभर गाड्या होत्या."

"झोपू द्या मग. मी आलो ना." प्रेमसिंगनं कोपऱ्यातल्या झेंड्या काखेत मारल्या. "अन् तुमीबी झोपा, भाबी. डोळे पाहा आपले. घुबडीण बरी दिसन."

"तुमाले फाटक पाहाले पाठवलं का माहं तोंड पाहाले?"

तो हसत बाहेरच्या दगडावर जाऊन बसला.

चार महिन्यांमागं एका गुरुवारी तो असाच उगवला होता. सरकारनं नवा कायदा केला, म्हणाला. आठवड्यातून एक दिवस फाटकवाल्याला सुटी, आणि ती द्यायला मला नेमलं. कमलीबाईनं घाईनं दार ओढून घेतलं होतं. कारण सुटी घ्यायला हेमसिंग होताच कुठं?

जऊळक्याच्या स्टेशनापासून कोसभरावर, मालेगावकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर हे फाटक होतं. दिवसरात्र मिळून नऊ गाड्या आणि माणूस एकच. हेमसिंगनं अकरा वर्षं काढली. शेवटी शेवटी त्याला जेवताना शिट्या ऐकू यायच्या. घास टाकून उठायचा, नसलेल्या गाडीसाठी फाटक लावायचा आणि रुळांकडे पाहत उभा राहायचा. रस्त्यावरचे बैलगाडीवाले शिव्या घालायचे. एके दुपारी त्यानं दोन्ही झेंड्या नीट घडी करून उंबऱ्यावर ठेवल्या, वर कोट आणि मुंडासं ठेवलं, आणि रूळ धरून चालत गेला. कमलीबाई विहिरीवरून आली तेव्हा तो लांब, मुठीएवढा दिसत होता. तिनं हाका मारल्या. त्यानं मागं पाहिलं नाही.

त्या दिवशीची चारची गाडी तिनंच पार केली. त्याचा कोट, त्याचं मुंडासं. इंजिनावरच्यांना लांबून लाल मुंडासं, निळा कोट आणि हिरवी झेंडी दिसली की पुरे. बाईमाणसाला फाटक मिळत नसे. हेमसिंग गेला हे कळलं तर नवा माणूस येणार, खोली जाणार. मग तो परत आला तर येणार कुठं?

म्हणून ती उभी राहत होती. मान खाली, मुंडासं भुवयांवर. गाडी समोरून जाताना डब्यांच्या खिडक्या पाहाव्यात, एखाद्या खिडकीत तो असेल, असं फार वाटायचं. पण मान वर केली असती तर इंजिनावरच्यांना तिचा चेहरा दिसला असता. सात महिन्यांत तिनं गाडीची फक्त चाकं पाहिली होती.

पहिल्या दोन गुरुवारी ती दाराला पाठ लावून जागी बसली. तिसऱ्या गुरुवारी जमिनीवर जी कलंडली, ती दिवेलागणीलाच उठली. तेव्हापासून तिचे दिवस गुरुवारवर तगत होते.

प्रेमसिंग खोलीत कधी शिरला नाही. त्याच्या नखांत काळं साचलेलं असे, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग. अकराची पॅसेंजर यायची झाली की शेल्यानं नाकतोंड झाकून घ्यायचा. "धूळ सोसत नाही," म्हणायचा. निघताना दारातून खाटेकडे पाहून बोलायचा. आजही बोलला.

"हेमसिंगभाऊ, कोटाची बाही लांब करून घ्या. झेंडी वर केली का मनगट उघडं पडते."

कमलीबाईनं खुंटीवरच्या कोटाकडे पाहिलं. तिच्या हातातला पांढरा चुडा कोपरापर्यंत होता. रोज ती त्याच्यावर फडकं बांधायची. त्या संध्याकाळी तिनं बाहीची दुमड उसवून लांबवली.

सोमवारी रुळावरून ट्रॉली आली. तिनं घाईनं कोट उतरवला. लाइनीची तपासणी करणारे सैफुद्दीन साहेब खाली उतरले.

"हेमसिंग कुठं आहे?"

"विहिरीवर गेले, साहेब. पाणी आणाले."

"त्याले सांग, पहिल्या तारखेपासून हप्त्यात एक दिवस सुटी. रामधन नावाचा माणूस येईल."

"अन् आतापोतर?"

"आतापर्यंत कोण देणार? हुकूमच काल निघाला. अकरा साल बिनसुटीचं काम केलं त्यानं. असा फाटकवाला साऱ्या लाइनीवर नाही."

ट्रॉली गेली तरी ती तिथंच उभी होती. मग प्रेमसिंगला कोणी पाठवलं? ती इथं एकटी आहे हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं.

आणि एकदम तिला शिट्या आठवल्या. चार-पाच महिने झाले, अकराची पॅसेंजर फाटकापाशी आली की दोन आखूड शिट्या द्यायची. दुसरी कुठलीच गाडी देत नसे. गुरुवारी तीही मुकी जायची. हेमसिंगला इंजिनावर काम लागलं असेल. तोंड दाखवायची लाज वाटत असेल. म्हणून मैतर पाठवला, म्हणून शिट्या.

मंगळवारी तिनं न्हाऊन कुंकू लावलं. अकराला फाटक लावून कोट चढवला, पण मुंडासं भुवयांच्या वर बांधलं. कोणी पाहिलं तर पाहू दे, नोकरी गेली तर जाऊ दे. गाडी वळणावर दिसली. जमीन थरथरली. पहिली शिटी झाली, आणि सात महिन्यांत पहिल्यांदा कमलीबाईनं मान वर केली.

इंजिनातून बाहेर झुकलेला, तोंडाला काजळी फासलेला, दुसऱ्या शिटीसाठी दोरीला हात घातलेला माणूस प्रेमसिंग होता.