बारावा दागिना

"पेटीतलं सगळं ने, पर ह्यो टाक न्हाई," सरूबाई म्हणाली आणि तिनं पदर गळ्याशी घट्ट ओढून घेतला.

कोमलनं पेन्सिल आपटली. टेबलावर आईचे गोठ, जोडवी, वेल असं सगळं मांडलेलं होतं. सरूबाईनं ते लेकीला न मागताच काढून दिलं होतं आणि त्यावरूनच कोमलच्या कागदावर अकरा दागिने उतरले होते.

पुण्याच्या सराफी पेढीला 'मावळण' नावाचा बारा दागिन्यांचा संग्रह हवा होता. अकरा पसंत पडले. बाराव्यावर, मधल्या पदकावर गाडं अडलं. पदक जमलं तर संग्रहावर कोमलचं नाव लागेल, नाहीतर कागद बिननावाचे ठेवून घेऊ, असं पेढीच्या प्रेरणा मॅडमनी साफ सांगितलं होतं. पाच वर्षं दुसऱ्यांच्या नावानं दागिन्यांची चित्रं काढून कोमल विटली होती.

नऊ कागद फाडून झाले. मोर, कोयरी, चंद्रकोर, सगळं दुकानातल्यासारखंच दिसत होतं. आणि इथं समोर, आईच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात तो टाक. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली बोटभर बाई. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, हात अंगाला चिकटलेले. शिकलेल्या हाताला असलं कधी सुचत नाही.

"देवीचाच आहे ना? नवा करून देते."

"त्यो माजा न्हाई, तुला द्याया."

"मग कुणाचा?"

"भाकर खा आदी. गार व्हायलीय."

सरूबाईचं हे नेहमीचंच. कोमलच्या वाढदिवसालासुद्धा आधी टाकाला हळदकुंकू लागायचं, मग लेकीला ओवाळलं जायचं. वडील गेले, गावाकडचं, कुरवंड्याचं जाणं-येणं सुटलं, लोणावळ्यातल्या दोन खोल्यांत दोघीच उरल्या, पण पहिला मान त्या चांदीच्या बाईचाच. कोमलला तिचा लहानपणापासून राग होता. आता तिच्यावाचून अडलं, म्हणून राग दुप्पट झाला.

डोक्यावरून न्हायचं असलं, की सरूबाई दोरा उतरवून खुंटीला अडकवायची. गुरुवारी तिनं न्हाणीचं दार लावलं आणि कोमलनं टाक उचलला.

बाजारातल्या कारखान्यात माऊली कारागिरानं तो बोटांवर तोलून पाहिला. "ताई, हा पोकळ आहे. साच्याच्या रबरात दाबला तर चेपणार. मी बघून मेणात कोरतो. चार दिवस द्या."

"मॅडम उद्या येणार आहेत. दाबा."

"जुनी वस्तू आहे हो."

"माझ्याच घरातली आहे. दाबा तुम्ही."

माऊलीनं मागच्या पोकळीत आधाराला लुकण भरलं आणि साचा दाबला. ठसा सुरेख उतरला, टाक मात्र चुरगळून निघाला. साच्यात मेण ओतून काढलेल्या बाईची कोमलनं कंबर बारीक केली, नाक तासलं, ओठांवर जरासं हसू आणलं. रात्र कारखान्यातच गेली. पहाटे चांदी ओतायच्या वेळी ती म्हणाली, "तो चुरगळलेला टाकही मुशीत टाका. चांदी वाया कशाला घालवायची?"

दुसऱ्या दिवशी प्रेरणा मॅडमनी पदक उजेडात धरलं. "हेच हवं होतं. नाव तुझंच लागेल," त्या म्हणाल्या.

कोमल ते पदक घेऊन घरी आली. सरूबाई उंबऱ्यात बसली होती. कालपासून तिनं घर दोनदा झाडून काढलं होतं, पोटात अन्नाचा कण नव्हता. कोमलला क्षणभर वाईट वाटलं, पण आनंद त्याहून मोठा होता.

"शोधू नको, आई. मोडला तो. त्याच्याच चांदीचं आहे हे. बघ, तुझ्या पत्र्यापेक्षा कितीतरी देखणी झालीय."

सरूबाईनं पदक तळहातावर घेतलं. त्या हसऱ्या तोंडावरून तिनं अंगठा फिरवला.

"पयली बायकू मेली, की दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा असतो," ती म्हणाली. "मी दुसरी."

कोमलला हसूच आलं. "म्हणजे सवत? इतकी वर्षं सवतीला पुजलंस तू?"

"सवत माजी," सरूबाई म्हणाली. "तुजी आई."