झुकवलेली खुर्ची

त्या काळी एल्को गावच्या कॅसिनोत, म्हणजे जुगारघरात, एक रीत होती. थोडा वेळ उठायचं झालं, तर आपली खुर्ची जुगाराच्या मशीनवर झुकवून ठेवायची. मग त्या जागी दुसरं कुणी बसत नसे.

विल्मा वर्षभरानं तिथं आली होती, तीही धाकट्या बहिणीबरोबर, बर्निसबरोबर, फक्त जेवायला. पुन्हा खेळलीस तर नातवंडं दिसायची नाहीत, असं मुलीनं बजावलं होतं.

कोपऱ्यातल्या तिच्या जुन्या मशीनवर खुर्ची झुकवलेली होती.

"आता कोण बसतं गं तिथं?" तिनं सफाई करणाऱ्या रूबीला विचारलं.

"कुणीच नाही, विल्माबाई. मी रोज सरळ करते, आणि वळून बघावं तर ही पुन्हा झुकलेली. तुमचीच वाट बघते मेली!"

"बघू दे वाट," बर्निस फणकारली. "चल ताई, सूप निवतंय."

विल्माची नजर खुर्चीवरून हलेना. तेवढ्यात तिचा हात कुणीतरी मायेनं हातात घेतला. तिला फार धीर आला.

"सोडू नकोस गं, बर्निस," ती पुटपुटली.

"ताई, येतेस ना?" बर्निसनं पार जेवणघराच्या दारातून हाक मारली.

विल्माच्या हातातला हात तिला हळूच खुर्चीकडे ओढू लागला.