दोघी विहिणी

लहानपणी परकर नेसून नदीत पोहलेल्या प्रमिलाताईंनी, डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पोहायला सांगितल्यावर, साठीत पहिल्यांदा पोहण्याचा पोशाख घातला. बायकांचीच वेळ होती, तरी टॉवेल गुंडाळूनच त्या तलावाकाठी आल्या आणि घाईघाईने पाण्यात उतरल्या.

शेजारी कठडा धरून उभ्या असलेल्या बाईंनी मान वळवली. विहीणबाई! लेकीच्या सासूबाई. सुनेने साडीच नेसायची, हा त्यांच्या घरचा दंडक. पदर सावरायला दोघींचे हात एकदमच खांद्याकडे गेले. पदर कुणालाच नव्हता. दोघी झटकन गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या.

“घरी बोलू नका हं,” विहीणबाई कुजबुजल्या. “भजनाला जाते म्हणून सांगून आलेय.”

प्रमिलाताईंना एकदम धीर आला. “नाही बोलत. पण आमच्या शाल्मलीला ऑफिसला जीन्स घालायचीय.”

विहीणबाईंनी पाण्यातल्या आपल्या उघड्या गुडघ्यांकडे पाहिलं आणि त्यांना असं हसू फुटलं की नाकातोंडात पाणी गेलं.

“घालू दे,” ठसका आवरत त्या म्हणाल्या. “आता मला हात द्या. त्या टोकापर्यंत जायचंय.”