कुणाचं कोण

"अंधार पडायच्या आत मुलगी घरी हवी," गोरान फोनवर म्हणाला. "मागच्या वेळेसारखं झालं तर मी कोर्टात जाईन, मिर्याना. मग तिला भेटायला परवानगी मागत बस."

मिर्यानाने फोन खांद्याने कानाशी दाबून धरला होता. हातात कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या खिम्याचं पातेलं होतं. "तियाना न्यायला येणार होती ना?"

"ती दवाखान्यात अडकलीय. फोनही उचलत नाही. तूच आणून सोड."

तिला निघता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. आज वुकच्या घराण्याच्या संताचा दिवस. मेणबत्ती जळत असेतो यजमान नवरा-बायकोने उंबरा ओलांडायचा नाही आणि दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. आमंत्रण कुणालाच नसतं. ज्याला आठवण असते तो येतो. दोन खोल्यांच्या घरात माणसं खिडकीच्या कठड्यावरसुद्धा बसली होती.

वुक मिर्यानाचा दुसरा नवरा, गोरान पहिला. दुन्या गोरानपासून झालेली. एक आठवडा इथे, एक तिथे. तिथे आता गोरानची दुसरी बायको तियाना तिची आई. दुन्या लहान असताना गोरानच्या आईने तिला एकदा विचारलं होतं, "तुझे खरे आजोबा कोणते गं?" पोर रात्रभर रडली. तेव्हापासून मिर्यानाच्या घरात एक नियम होता. कोण कुणाचं, हे कुणी विचारायचं नाही. आले ते सगळे आपले. हा नियम आपण पाळून दाखवला, याचा तिला मनातून अभिमान होता.

"आमच्या दुन्याला आजोबांचा तोटा नाही," वुक पेल्यांत रकियाची दारू ओतता ओतता पाहुण्यांना सांगत होता. "मला एकच होते. तेही शुद्धीवर असले तर."

माणसं हसली. खिडकीपाशी तियानाचे बाबाही हसले.

ते दरवर्षी यायचे. बोलायचे कमी. सणाचा पाव यजमानाबरोबर हातात फिरवून मोडायला वडीलधारं माणूस लागतं; अलीकडे तो मान त्यांचाच होता. पाव मोडून झाला की ते दुन्याला आपल्या काळ्या कोटाशी उभं करून तिची उंची बघायचे. पहिल्यांदा ती जेमतेम खालच्या बटणाला लागली होती. "वाढू दे अजून," ते म्हणाले होते. आज तिचं डोकं छातीजवळच्या बटणाला टेकलं. त्यांनी तिच्या केसांवर तळवा ठेवला.

"झाली आता," ते म्हणाले.

मिर्याना पातेलं ठेवून तियानाला पुन्हा फोन लावत होती. बाहेर करडं होऊ लागलं होतं.

"मी नेतो तिला," मागून आवाज आला. "मला घरीच जायचंय."

"तुम्हाला कशाला त्रास, बाबा? नीट जेवलाही नाहीत." त्यांच्या ताटलीत सगळं वाढलं होतं तसंच होतं. फक्त पावाचा तुकडा संपलेला.

"माझं झालं, पोरी."

मिर्यानाला एकदम भरून आलं. तियानाचे वडील, ज्यांचं दुन्याशी रक्ताचं काही नातं नाही, ते या बर्फात तिला हाताला धरून घरी पोचवायला निघाले होते. हेच तर तिला हवं होतं. तिने दुन्याच्या कोटाची बटणं लावली, टोपी कानांवर ओढली.

"आई, आजोबांचा हात गार आहे."

"म्हणून हातमोजे घालायचे."

"हातमोज्यातूनही लागतो."

"पुरे झाले नखरे. चल, तिकडे बाबा वाट बघतोय."

तिने खिडकीतून खाली पाहिलं. दोघं रस्त्यावर आली. दुन्या काहीतरी सांगत होती आणि ते मान वाकवून ऐकत होते. कोपऱ्यावरून ती दोघं दुनाव नदीच्या अंगाला वळली. तो रस्ता लांबचा. पण पोरीला बदकं दाखवायची असतील. मिर्यानाने गोरानला कळवलं, 'निघाली,' आणि रिकाम्या ताटल्या गोळा करू लागली.

मेणबत्ती अर्ध्यावर आली होती तेव्हा घंटी वाजली. दारात तियाना. केस ओले, हातात केकचा डबा.

"उशीर झाला, माहितेय. शिव्या नंतर दे. कुठाय आमची महाराणी?"

"गेली की केव्हाच. तुझ्या बाबांबरोबर."

"कुणाबरोबर?"

"अगं, तुझ्या बाबांबरोबर. चालत."

तियाना हसली. "माझे बाबा मी शाळेत असतानाच वारले, मिर्याना."

"मग ते खिडकीशी बसतात ते? काळा कोट?"

"ते वुककडचे ना? पाव तर तेच मोडतात त्याच्याबरोबर."

वुक बाटली हातात धरून दाराशी आला होता. त्याने एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "माझे? मी तर तुझे समजून त्यांना मान देत होतो, तियाना."

"असं कसं?" मिर्याना म्हणाली. "पहिल्या वर्षी तुम्ही दोघं बरोबरच वर आलात. तुझा डबा त्यांच्या हातात होता."

"ते खाली दाराशी उभे होते," तियाना हळूच म्हणाली. "मी घंटी दाबली, तर म्हणाले, 'वर चाललीस ना, पोरी? आण, डबा मी धरतो.'"